लांब उडीच्या खड्ड्यातली संस्कृती

भूगोलाच्या सरांना शाळेत सगळी पोरं 'होकायंत्र' म्हणत, आणि ते सरांना चांगलं ठाऊक होतं. वर्गात शिरले की आधी खिडकीकडे तोंड करायचे, दोन्ही हात पसरायचे आणि म्हणायचे, "समोर पूर्व, डाव्या हाताला उत्तर. आपण कुठे उभे आहोत हे ज्याला कळत नाही, त्याला इतिहासही कळत नाही आणि भूगोलही!" एकोणीस वर्षं हेच. पाचवी ते सातवीच्या पोरांना प्राचीन संस्कृती आणि नकाशे असं दुहेरी काम त्यांच्याकडे होतं. कोणती नदी कुठे उगम पावली, कुठे मिळाली, पहिली वीट कुणी भाजली, सगळं तोंडपाठ. नकाशाखाली प्रमाण लिहिलं नाही की अर्धा गुण कापलाच. एकदा एका पोरीने त्यांना वाढदिवसाचं कार्ड दिलं, त्यावर तिने हौसेने पृथ्वी काढली होती. त्या पृथ्वीखालीही सरांनी लाल शाईने लिहिलं, 'प्रमाण?' मग स्वतःचीच लाज वाटली, पण लाल शाई काही पुसता येईना.

तर असा हा दिशांचा राजा, आणि सख्ख्या बहिणीच्या घरी जायला याला सहा वर्षं वाट सापडत नव्हती. घर किती लांब? बसचे चार स्टॉप. जगातली झाडून सगळी वाळवंटं पोरांकडून पार करून घेणारा माणूस चार स्टॉपांपुढे बसकण मारून बसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

भांडण कशावरून झालं हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. वडील गेले तेव्हा घर रिकामं करायला दोघं भावंडं बसली. कपाटं, भांडी, घड्याळ सगळं 'तू घे, तू घे' करत वाटलं गेलं. एकाचाही आवाज चढला नाही. शेवटी राहिला वडिलांचा पृथ्वीगोल. पितळी कमानीत बसवलेला, एका जागी पोचा आलेला. सर म्हणाले, "हा मला. मी भूगोल शिकवतो." ताई म्हणाली, "बाबांनी मला घेतला होता तो, तू तेव्हा रांगत होतास." यांनी कमान धरली, तिने गोल धरला. दोघंही पन्नाशीला टेकलेली, बरं का! ओढाताणीत खिळा निसटला आणि पृथ्वी ताईच्या पोटाशी गेली, कमान यांच्या हातात राहिली. ताई म्हणाली, "घे, आता ते वाकडं पितळ शिकव पोरांना." हे म्हणाले, "आणि तू बस पृथ्वी मांडीवर घेऊन!" झालं. ती गोल घेऊन गेली, हे कमान घेऊन गेले. दोघांच्याही हाती जे लागलं त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

त्या सोमवारी भाच्याचा मेसेज आला. 'मामा, रविवारी पहाटे मी आईला घेऊन निघतोय. आता ती कायमची माझ्याकडेच राहणार. शनिवारी दिवसभर घरी आहोत. येतोस ना?' भाचा राहायचा सातासमुद्रापार. भावजी जाऊन तीन वर्षं झाली होती, ताई एकटीच होती, तेव्हा हे आज ना उद्या होणारच होतं. सरांनी उत्तरात 'बघतो' लिहिलं आणि पुसलं. 'शाळा आहे' लिहिलं, तेही पुसलं. मंगळवारी वाटलं, आधी तिने फोन करावा. बुधवारी वाटलं, ती मोठी आहे, तिने समजून घ्यावं. गुरुवारी वाटलं, मी लहान आहे, मला कोण समजून घेतो? एवढा वेळ पोरांनी एका उत्तराला लावला असता तर सरांनी पेपर ओढून घेतला असता.

आणि त्याच आठवड्याच्या शुक्रवारी सातवी ब चं उत्खनन होतं.

ही सरांची दरवर्षीची हौस. मैदानातल्या लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात ते कुंभाराकडून आणलेली फुटकी मडकी, खापरं, मणी असं तीन थरांत पुरायचे. प्रत्येक थरावर वाळू. मग पोरांनी दोरी बांधून चौकोन आखायचे, ब्रशने वाळू झटकायची, काय कुठे सापडलं ते नकाशावर मांडायचं आणि अहवाल लिहायचा. नियम एकच, आणि तो सर फळ्यावर चौकटीत लिहायचे : जितकं खाली तितकं जुनं, जितकं वर तितकं नवीन. यंदा तर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः बघायला येणार होत्या.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला सर खापरांची गोणी घ्यायला शाळेच्या मागच्या खोलीत गेले, तर गोणी नाही.

"ती फुटकी मडकी?" सफाईच्या मावशी म्हणाल्या. "काल कचऱ्याच्या गाडीत दिली. म्हटलं, सर एवढे शिकलेले, फुटकं कशाला सांभाळतील?"

सरांनी घड्याळ बघितलं. आठला मोठ्या बाई येणार. घर पाच मिनिटांवर. सर धावत घरी गेले, माळ्यावरचं एक खोकं ओढलं आणि धापा टाकत परत आले. खोकं कसलं, अडगळ होती. जे टाकवत नाही आणि ठेववतही नाही, ते एकोणीस-वीस वर्षं त्या खोक्यात पडत गेलं होतं. फार विचार करायला वेळ नव्हता. सरांनी वरून हाताला लागेल ते उचललं, खड्ड्यात ठेवलं, वाळू लोटली. मग त्याच्या खालचं उचललं, ठेवलं, वाळू लोटली. शेवटी खोक्याच्या तळाशी होतं ते ठेवलं आणि वरून फावड्याने वाळू सारखी केली. हात झटकले आणि स्वतःवरच खूश झाले. प्रसंगावधान म्हणतात ते हेच, असंही मनाशी म्हणून घेतलं.

आठ वाजता मोठ्या बाई वही घेऊन खुर्चीवर बसल्या. पोरं कामाला लागली. खरवडण्याचा आवाज, 'माझ्या चौकोनात नको येऊ', 'सर, हा चमचा मोडला', सगळं रीतसर चाललं होतं. आणि पहिली वस्तू वर आली ती म्हणजे एक भोवरा. सरांच्या लहानपणीचा.

भोवरा बघून सरांना घाम फुटला. सर्वांत जुना भोवरा सर्वांत वर! म्हणजे खोक्यात जे तळाशी होतं ते खड्ड्यात वर आलं होतं, आणि खोक्यातलं अगदी अलीकडचं खड्ड्याच्या तळाला गेलं होतं. फळ्यावर अजून चौकटीत लिहिलेलं होतं : जितकं खाली तितकं जुनं. एकोणीस वर्षं हा नियम घोकून घेणाऱ्याने स्वतःचंच आयुष्य उलटं पुरून ठेवलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आता ओरडून सांगावं, तर मोठ्या बाई समोर. न सांगावं, तर पोरं उलटा इतिहास लिहिणार. सर खड्ड्याच्या काठाने येरझाऱ्या घालत राहिले. त्यांच्याच मनात त्यांनाच कुणीतरी म्हणत होतं, मास्तर, समोर पूर्व की पश्चिम, सांगा बघू.

मग त्यांना दुसरी गोष्ट आठवली. खोक्यात सगळ्यांत वर एक प्लास्टिकची पिशवी होती. ती त्यांनी न बघताच खड्ड्यात ठेवली होती. पिशवीत काय होतं ते आता आठवलं.

"सर, कागद मिळाले!" खड्ड्यातून आवाज आला.

आवाज 'प्रश्नपेटी'चा होता. हे नाव सरांनीच ठेवलेलं. चष्मा, दोन घट्ट वेण्या, आणि एका उत्तरात कधीच समाधान नाही. पथकाचा अहवाल तीच लिहिणार होती.

"कागद राहू देत," सर म्हणाले. "कागद प्राचीन काळी नव्हते."

"पण सापडले ना सर. तुम्हीच म्हणता, सापडलं ते लिहायचं, आवडलं ते नाही."

मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

मधल्या सुट्टीनंतर वर्गात अहवालवाचन झालं. टेबलावर वस्तू मांडलेल्या, मोठ्या बाई मागच्या बाकावर, सर खिडकीशी. प्रश्नपेटीने घसा खाकरला आणि वाचायला लागली.

"सर्वांत खालचा थर हा सर्वांत जुना. या काळी इथे एकच माणूस राहत असावा, कारण कप एक, चमचा एक आणि चष्मा एक मिळाला. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे, म्हणजे दुरुस्तीची कला अवगत नव्हती. पित्ताच्या गोळ्यांची चार रिकामी पाकिटं मिळाली. त्यावरून हा माणूस जेवत असे, पण त्याला पचत नसे. किल्ल्या सात मिळाल्या, कुलूप एकही नाही. याचं कारण समजलं नाही."

पोरं हसली. सरही हसले. हसणं भागच होतं.

"लेखनकला नुकतीच सुरू झाली होती. एकूण अकरा कागद मिळाले. अकराही कागदांवर एकच मजकूर आहे : 'प्रिय ताई'. त्यापुढे काहीच नाही. पुढची अक्षरं तेव्हा शोधली गेली नसावीत. ताई ही त्यांची देवता असावी असा आमचा अंदाज आहे, कारण सारखं तिलाच बोलावलेलं दिसतं आणि उत्तर कुठेही मिळालेलं नाही."

"सर," मागून मॉनिटर म्हणाला, "यातला 'प्र' अगदी तुमच्यासारखा आहे. फळ्यावर तुम्ही 'प्रमाण' लिहिता ना, तसा."

"प्राचीन लिप्यांमध्ये साम्य असतं," सर म्हणाले. आवाज कुठून आला ते त्यांनाही कळलं नाही. मोठ्या बाईंनी वही मिटली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

"मधल्या थरात प्रगती दिसते," प्रश्नपेटी पुढे वाचू लागली. "कप दोन झाले, दोन्हींवर एकच नक्षी आहे. मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर मिळालं, म्हणजे कालगणना आली. पितळेची एक कमान मिळाली. ती पृथ्वीगोलाची आहे हे आम्ही ओळखलं. पण गोल मिळाला नाही. आम्ही सगळा खड्डा उपसला. सरांनी शिकवलंय की एका शहराची मुद्रा दुसऱ्या शहरात सापडली, तर दोन्ही शहरांचं येणं-जाणं होतं असं समजावं. म्हणून आमचं मत आहे की गोल दुसऱ्या शहरात आहे. ते शहर फार लांब नसावं, कारण एवढी मोठी वस्तू पोटाशी धरून कुणी फार लांब जाणार नाही."

सर खिडकीबाहेर बघत होते. डाव्या हाताला उत्तर. त्याच दिशेला चार स्टॉप.

"सर्वांत वरचा थर सर्वांत नवीन. इथे एकदम भरभराट आहे. गोट्या सत्तावीस, भोवरे दोन, आणि एक पाटी. पाटीच्या लाकडी चौकटीवर कोरलेलं आहे : 'ही पाटी ताईची आहे. बाळ्याने हात लावू नये.' त्याच्या खाली दुसऱ्या, वाकड्या अक्षरात : 'लावला.'"

आता मात्र वर्ग फुटला. मॉनिटर बाकावर डोकं आपटून हसत होता. मोठ्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. प्रश्नपेटी हसली नाही. तिने सगळे गप्प होईपर्यंत वाट पाहिली.

"म्हणजे शेवटी ताई आली. ती देवता नव्हती, माणूसच होती. ती आणि बाळ्या भांडत असत, पण पाटी एकच होती. निष्कर्ष : ही संस्कृती नष्ट झाली नाही. एकटा माणूस पुष्कळ दिवस बोलावत राहिला, म्हणून ताई आली आणि मग ते खेळायला लागले. अहवाल समाप्त."

टाळ्या वाजल्या. भर वर्गात त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी खडू शोधण्याचं निमित्त करून फळ्याकडे तोंड केलं. फळ्यावर चौकट तशीच होती.

"अहवाल उत्तम आहे," ते फळ्याकडेच बघत म्हणाले. "पण एक चूक झाली आहे. तुमची नाही, माझी. पुरताना माझे थर उलटे झाले. घाई केली. वरचं ते जुनं आहे आणि खालचं ते नवीन."

पोरं मनातल्या मनात खड्डा उलटा करत होती. प्रश्नपेटीच्या भुवया जवळ आल्या.

"म्हणजे आधी दोघं होती, सर? मग कमान राहिली आणि गोल गेला? आणि शेवटी हा एकटाच, पित्ताच्या गोळ्या खात?"

"हो."

"आणि कागद सगळ्यांत शेवटचे?"

"हो."

"मग संपलेलं नाहीये, सर," ती म्हणाली. "त्याने अजून फक्त दोनच शब्द लिहिलेत."

सरांनी खडू खाली ठेवला. "दहापैकी साडेनऊ," ते कसेबसे म्हणाले. "खड्ड्याच्या नकाशाखाली प्रमाण नाही." सवय हो, दुसरं काय!

तास संपल्यावर मोठ्या बाई दारात थांबल्या. "सर, उद्या तुमचे दोन्ही तास मी घेते. मला जमतील तेवढ्या नद्या सांगेन."

"अहो, पण बाई, रजेचा अर्ज..."

"लिहू नका. तुमचं दोन शब्दांपुढे जात नाही असं आत्ताच ऐकलं."

शनिवारी सकाळी सर कमान आणि पाटी कापडी पिशवीत घालून बसमध्ये चढले. दुसऱ्या स्टॉपला वाटलं उतरावं. तिसऱ्यालाही वाटलं. काय बोलायचं ते वाटेत तीनदा पाठ केलं, तोंडी परीक्षेला बसल्यासारखं. चौथ्या स्टॉपला उतरले, आणि खरं सांगायचं तर दोन गल्ल्या चुकले. होकायंत्र! शेवटी एका दुकानदाराला घर विचारावं लागलं.

दार ताईनेच उघडलं. सहा वर्षांत केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. मागे अर्ध्या भरलेल्या बॅगा, दोऱ्या, वर्तमानपत्रं. पाठ केलेलं सगळं सर विसरले. त्यांनी पिशवीतून पाटी काढून तिच्या हातात दिली.

ताईने चौकट डोळ्यांजवळ नेली, बोटाने अक्षरं चाचपली आणि वाचलं. "लावला," ती म्हणाली. "मेल्या, अजून लावतोच आहेस हात." आणि दारातच रडायला लागली. मग सरही रडले. आतून भाचा आला, दोघांकडे बघितलं आणि चहा टाकायला गेला.

गोल टीव्हीशेजारी होता, एका पातेल्यात ठेवलेला.

"पातेल्यात?" सर म्हणाले.

"मग कशात ठेवू? सारखा घरंगळतो. सहा वर्षं उत्तर ध्रुव जागेवर राहिलेला नाही माझ्या घरात." तिने नाक पुसलं. "तू घेऊन जा आता हा."

"मी कमान द्यायला आलोय. तू ने."

"एवढं बॅगेत कुठे बसणार? तू ने म्हणते ना!"

"बाबांनी तुला घेतला होता."

"भूगोल तू शिकवतोस!"

"परत सुरू?" भाचा आतून ओरडला. दोघंही एकदम गप्प झाली, लहानपणी बाबा ओरडल्यावर व्हायची तशी.

खिळा गंजला होता. भाच्याने तेल आणलं, सरांनी कमान धरली, ताईने गोल धरला, आणि या वेळी कुणी ओढला नाही. खट् करून पृथ्वी जागेवर बसली. ताईने ती हळूच फिरवली, चष्मा वर केला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"मी इथे जाणार. तू कुठे रे?"

सरांनी तिला आपलं ठिकाण दाखवलं. ताईने एका टोकाला अंगठा ठेवला, पंजा ताणला आणि दुसऱ्या टोकाला करंगळी टेकवली. मधला सगळा निळा समुद्र तिच्या हाताखाली झाकला गेला.

"एक वीत," ती म्हणाली. "एवढंच?"

एकोणीस वर्षं प्रमाण नाही म्हणून पोरांचे गुण कापणारा मास्तर तिच्या पंजाकडे बघत राहिला.

"एवढंच," तो म्हणाला.